दिलेल्यांची वंशावळ

शास्त्रातल्या, म्हणजे आमच्या बायबलातल्या, वंशावळ्या कुणी ऐकत नाही, हे मी पैजेवर सांगते. मी त्या वाचल्यात. मोठ्यानं, माणसांनी भरलेल्या खोलीत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा आणखी कुणी, अशी पानंच्या पानं. समोर बसलेल्या भल्या भल्या भाविक माणसांच्या माना कलंडलेल्या मी पाहिल्यात. कुणी ऐकत नाही म्हणूनच मी तो आगाऊपणा केला आणि त्यात अडकले.

आम्ही अंबरनाथला चर्चच्या मागच्या खोलीत राहायचो. चर्च लहानसंच. फॅक्टरीतल्या ख्रिस्ती कामगारांनी वर्गणी काढून बांधलेलं, वर सिमेंटचे पत्रे, आत लाकडी बाकं. बाबा तिथले सेवक. 'सेवक' हा शब्द फक्त रविवारी, वेदीपुढून आभार मानताना. बाकी आठवडाभर सगळे शिपाईच म्हणायचे. सकाळी दारं उघडायची, झाडायचं, बाकं पुसायची, घंटा वाजवायची, प्रभुभोजनाचे पेले धुऊन, मोजून कपाटात ठेवायचे, कुणी वारलं की घरोघर निरोप पोचवायचा. बाबांच्या आधी हेच काम आजोबांनी केलं. पगार नावालाच होता. पण खोली होती, आणि खोलीची अट एकच होती: घरातलं कुणीतरी सेवेत पाहिजे. सेवा संपली की खोली खाली करायची.

खोलीची एक भिंत चर्चची. त्यामुळं उपासना चालू असताना कुकर लावायचा नाही, रविवारी सकाळी बोंबील भाजायचे नाहीत, मोठ्यानं भांडायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड जायचं. पाणी प्यायला कुणीही केव्हाही आत यायचं, तेही चपला घालून. संध्याकाळी फाटकाला कुलूप आम्हीच लावायचो, आतून. ते लावताना मला रोज वाटायचं, बाई गं, चोर बाहेर राहिले ते ठीक आहे, पण आपणही आतच राहिलो की. मी आईला म्हणायचे, "हे घर आहे का कोंडवाडा?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "कोंडवाडा असला तरी बिनभाड्याचा आहे. गप बस."

आमच्या मंडळीत गुरुवारच्या घरप्रार्थनेची एक रीत होती, ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. शास्त्र पहिल्या पानापासून ओळीनं वाचायचं. दर गुरुवारी एक अध्याय आणि दर गुरुवारी वेगळं घर. ज्यांच्या घरी प्रार्थना, त्यांच्याच घरातल्या कुणीतरी वाचायचं, आणि नंतर सगळ्यांना चहा-पोहे द्यायचे. अध्याय गाळायचा नाही. गाळला तर त्या घरावर काही ना काही येतं, असं म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, आणि चांगले शिकलेले लोकही ते ऐकून गप्प बसायचे. अंबरनाथ, उल्हासनगरचा कॅम्प चार, बदलापूर, अशी घरं पसरलेली. चांगला अध्याय आपल्या घरी यावा म्हणून आतल्या आत खूप खटपट चालायची. समुद्र दुभंगला तो अध्याय ज्यांच्याकडं आला त्यांनी पोह्यांवर न थांबता बटाटेवडे केले होते, असं आई कौतुकानं सांगायची.

आणि मग जुन्या करारातला तो भाग आला. सलग नऊ अध्याय, जवळजवळ नुसती नावं. झालं! सगळ्यांच्या घरी एकदम पाहुणे आले. कुणाची मुलगी बाळंतपणाला आली, कुणाला ओव्हरटाइम लागला, कॅम्प चारच्या बाईंकडं रंगकाम निघालं. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी फॅक्टरीत ऑफिसर होते, आवाज असा गोड की लोणी. ते बाबांना म्हणाले, "तुमची खोली चर्चला लागूनच आहे. एवढे गुरुवार तुमच्याकडंच करून टाकू. मुलगी वाचेल की नावं. हुशार आहे ती." बाबा म्हणाले, "हो साहेब." बाबा नेहमी हो साहेबच म्हणायचे. पोहे अर्थात आमचेच.

मला तेव्हा ही नावं वाचायला अजिबात सवड नव्हती, कारण माझा जीव दुसरीकडं टांगलेला होता. बारावी होऊन वर्ष झालं होतं आणि मला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. घाटावरच्या एका मिशन दवाखान्यात, हॉस्टेलसकट. जूनमध्ये जायचं होतं. स्वतःची कॉट, स्वतःची ट्रंक, आणि रविवारी दुसऱ्या कुणीतरी वाजवलेली घंटा! मी नुसतं त्या विचारानं पोटभर जेवायचे. पण त्याच उन्हाळ्यात बाबा घंटेचा दोर बदलताना शिडीवरून पडले. कंबर गेली. डॉक्टरनं सांगितलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, चढायचं नाही. म्हणजे सेवकानं जे करायचं त्यातलं काहीच नाही. आईला दमा. माझ्या पाठीवर मूल नाही. कमिटीनं कळवलं, की पावसाळ्याच्या आत घरातून कोण उभं राहतंय ते सांगा, नाही तर आम्हाला खोलीचा विचार करावा लागेल.

आई मला म्हणाली, "तू जा. आमचं आम्ही बघू. तुझ्या मामाच्या पडवीत पडू, नाही तर कुठं झोपडी बघू." बाबा जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. पाठीला उशी लावून बसायचे आणि मी झाडताना बघत राहायचे. मला त्या बघण्याचा राग यायचा. एकदा काय ते बोला ना! पण ते बोलायचे नाहीत आणि मीही विचारायचे नाही.

दर गुरुवारी नावं चालू होती. मध्येच एकदा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी लोकांची झोप उडवायला थोडं समजावून सांगितलं. म्हणाले, बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांना दाखवावं लागत होतं की आम्ही इथलेच. वंशावळीत नाव सापडलं तर जागा, नाव सापडलं तर मंदिरातलं काम. म्हणून ही नावं जपली. आणि नुसत्या राजांची नाही, तर द्वारपाळांची, भांडी सांभाळणाऱ्यांची, भाकरी भाजणाऱ्यांचीसुद्धा. मग म्हणाले, त्यांच्याही खाली एक वर्ग होता, नथीनीम. हिब्रू शब्द आहे, अर्थ 'दिलेले'. मंदिराच्या पडेल त्या कामाला देऊन टाकलेली माणसं. पिढ्यान्‌पिढ्या.

मी विचारलं, "त्यांना कुणी विचारलं होतं का?"

पाळकसाहेब हसले. "शास्त्रात तसं काही सांगितलेलं नाही, मुली."

सगळे गेल्यावर बाबा बशा गोळा करू पाहत होते. मी त्यांच्या हातातून ओढून घेतल्या. ते म्हणाले, "ऐकलंस ना? आपलं पण तसंच आहे." आणि त्यांनी मला पणजोबांचं सांगितलं. नगरकडच्या गावात आमच्या घराकडं वेस होती. गावाच्या दाराशी रात्रभर बसायचं, आल्यागेल्याची चौकशी करायची, सकाळी घरोघर जाऊन भाकरी मागून आणायची. वेसकर म्हणायचे. दार गावाचं राखायचं, पण घर गावकुसाबाहेर. आजोबा ते सोडून मिशनमध्ये आले, बाप्तिस्मा घेतला, आणि पुढं फॅक्टरीच्या लोकांबरोबर इकडं आले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग तेच झालं की बाबा! वेशीवरून उठलो आणि चर्चच्या फाटकाशी येऊन बसलो. धर्म बदलला, काम कुठं बदललं?"

बाबांचा चेहरा उतरला. "तसं नसतं गं," ते म्हणाले. "तिथं आपल्याला आत येऊ देत नव्हते. इथं चावी आपल्याकडं आहे." मी बशा विसळायला घेतल्या.

शेवटचा, नववा अध्याय आला. परत आलेल्यांची नावं, आणि त्यात द्वारपाळ. उकडून जीव जात होता, लाइट गेलेले, मेणबत्ती लावलेली, खोलीत माणसं दाटीवाटीनं बसलेली. सेक्रेटरीसाहेब डोळे मिटून भक्तिभावानं घोरत होते. मी वाचत होते आणि मला वाटलं, ही माणसं ऐकताहेत का नाही, एकदा बघूच. दुसरं काही मनात नव्हतं. वैताग होता, खोडी काढायची होती, आणि आपली नावं त्या लोकांच्या रांगेत कशी वाजतात ते ऐकायचंही होतं. द्वारपाळांची नावं संपली तशी मी श्वास न घेता पुढं आमची जोडली. पणजोबांचं, त्यांचा मुलगा म्हणून आजोबांचं, त्यांचा मुलगा म्हणून बाबांचं, आणि त्यांची मुलगी म्हणून माझं. आजोबांचं आणि बाबांचं नाव शास्त्रातलंच, ते खपून गेलं. पण पणजोबांचं नाव गावानं तोडून ठेवलेलं, शेवटी 'या' लावून तुच्छतेनं हाक मारायला. तेही मी तसंच घेतलं. वाटलं, आता तरी कुणीतरी दचकेल. कशाचं काय! एकानं जांभई दिली. मी पुढं वाचत गेले आणि आतल्या आत हसत राहिले. फक्त बाबांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, बरं झालं, बापाला एकदा तरी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले तर बाबा कुबडी घेऊन सेक्रेटरीसाहेबांच्या क्वार्टरवर जाऊन आले होते. एवढं अंतर, त्या कंबरेनं. मला म्हणाले, "मी साहेबांना सांगून आलो. म्हटलं, मुलगी तयार आहे. तिनं शास्त्रापुढं शब्द दिलाय." मला काही कळेना. ते म्हणाले, "तू स्वतःचं नाव घेतलंस ना द्वारपाळांत. मी ऐकलं. दुसऱ्या कुणाला कळलं नाही, पण मी ऐकलं, बाळा." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

काय करायला हवं होतं मी? अहो बाबा, गंमत केली, असं म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते असे बघत होते, जणू एवढ्या वर्षांत देवानं त्यांना पहिल्यांदाच नाव घेऊन हाक मारली होती. माझे बाबा भोळे होते. शास्त्रात आपलं नाव ऐकून ज्याचे डोळे भरतात, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार की तुमची मुलगी शास्त्राची चेष्टा करत होती? आई कळल्यावर माझ्यावर एवढी संतापली, की दमा लागला तिला. "जायचं होतं तर जायचं ना, कशाला शब्द दिलास?" मी म्हटलं, "दिला खरा." रविवारी मला वेदीपुढं उभं केलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सेक्रेटरीसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा हातात दिला, लोकांनी आमेन म्हटलं. मी मान खाली घालून उभी होते, आणि सगळ्यांना वाटलं, पोरगी भारावली. जून आला आणि गेला.

त्यानंतरची वर्षं एकमेकांसारखीच होती. घंटा, झाडू, बाकं, पेले, कुलूप. बाईमाणूस घंटा वाजवते म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे, मग सवय झाली. स्थळं आली, पण मला नेणारा आला की खोली जाणार, आणि खोलीत यायला तयार असणारा मुलगा मला बघवत नव्हता. एक बदलापूरचा होता, चांगला होता, दुधाच्या डेअरीवर कामाला. दोनदा येऊन गेला. "फाटक नऊला बंद होतं?" एवढंच त्यानं विचारलं आणि पुन्हा आला नाही. मी त्याला दोष देत नाही.

गुरुवारची घरप्रार्थना पुढं सरकत होती. वर्षभरानं पुन्हा एक यादी आली, बाबेलहून परतलेल्यांची, आणि ती यादी अर्थातच पुन्हा आमच्याकडं. त्यात काही याजक होते, त्यांनी वंशावळीत आपली नावं शोधली आणि ती सापडली नाहीत. म्हणून त्यांना सेवेतून काढलं. पाळकसाहेब हळहळून म्हणाले, केवढं दुःख. मला त्या लोकांचा असा हेवा वाटला म्हणून सांगू! नाव सापडत नाही? चला, निघा. गाठोडं उचला आणि वाटेल तिकडं जा. नशीबवान मेले. आणि त्याच यादीत ते नथीनीमही होते, दिलेले. बाबेलहून सगळी वाट तुडवत आपण होऊन परत आले होते. पुन्हा त्याच मंदिरात राबायला.

मी नंतर बाबांना विचारलं, "हे कशाला आले परत? तिथंच राहायचं की. तिथं कुणाला ठाऊक होतं हे कोण ते?"

बाबा म्हणाले, "तेच तर. तिथं त्यांना कोण ओळखत होतं?"

म्हणजे वंशावळीचं हे असं असतं. बाबांना त्यात छप्पर दिसायचं आणि मला कुंपण. दोघं एकाच खोलीत बसून एकच पान बघत होतो आणि मी दरवेळी गप्प बसायचे. का, तर बाबा भोळे आहेत, त्यांच्या श्रद्धेला धक्का नको. चिडले की मी स्वतःला तेच सांगायचे. झाडू आपटला तरी, घंटेच्या दोरानं हाताची सालटं निघाली तरी. ह्या एका गोष्टीवर मी ती सगळी वर्षं काढली.

नव्वदीनंतर मंडळी वाढली, पैसेवाली झाली. जुनं चर्च पाडून नवं बांधायचं ठरलं. आमच्या खोलीच्या जागी जनरेटर येणार होता आणि फाटकाला एजन्सीचा वॉचमन. सेक्रेटरीसाहेब रिटायर झाले होते, नवे तरुण होते. त्यांनी बाबांना शाल दिली, मला पुष्पगुच्छ दिला आणि म्हणाले, "आता तुम्ही मोकळे झालात." मी म्हटलं, "हो का? बरं झालं सांगितलंत." आई मला चिमटा काढायला तेव्हा उरली नव्हती. दमा तिला आदल्याच पावसाळ्यात घेऊन गेला होता. आम्ही दोघं बदलापूरला एका चाळीत आलो. नर्सिंगचं वय कधीच उलटून गेलं होतं. मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात जायला लागले. शिवून आलेल्या पँटींचे धागे कापायचे. संध्याकाळी बोटं निळी. शेठ सिंधी होता, मंडळीतला नव्हता, पण तो मला माझ्या नावानं हाक मारायचा आणि सुटी झाली की सुटी व्हायची. मला त्याचंसुद्धा अप्रूप वाटायचं.

वर्षाभरात बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. मग सकाळी त्यांचं सगळं करून मी कामावर जायचे, शेजारची बाई दुपारी बघायची, संध्याकाळी पुन्हा मी. जखमा होऊ नयेत म्हणून कुशी बदलायच्या, अंग पुसायचं, पावडर लावायची. नर्सिंग शेवटी आलंच वाट्याला, असं मी म्हणायचे आणि बाबा एका बाजूनं हसायचे.

एका रविवारी दुपारी मी त्यांची पाठ पुसत होते. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. म्हणाले, "तू त्या दिवशी नावं वाचलीस ना."

"कुठली नावं?"

"आपली. द्वारपाळांत." भिंतीचा पोपडा त्यांनी उजव्या बोटानं खरवडला. "मला कळलं होतं गं तेव्हाच. तू चेष्टा करत होतीस."

मी म्हटलं, "काय?"

"कळलं होतं. तुझा आवाज ओळखतो ना मी. हसू दाबून वाचत होतीस." मग म्हणाले, "पण मग म्हटलं, आता हिला अडवायला एवढंच आहे. तुझ्या आईला घेऊन कुठं गेलो असतो मी?"

भिंतीकडं तोंड होतं म्हणून बोलू शकले. समोरासमोर नसते बोलले. त्यांच्या पाठीवर माझा ओला फडका तसाच होता. ओरडावं वाटलं, पण चाळीत भिंती पातळ. उठून जावं वाटलं. कुठं? भोळे नव्हते. एवढी वर्षं मी ज्या भोळ्या माणसाला जपत होते, तो तिथं कधी नव्हताच. होता तो एक घाबरलेला माणूस, अगदी माझ्याइतकाच हुशार, आणि त्यानं मला जाणूनबुजून देऊन टाकलं होतं. मला इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांपुढं काही दिसेना. आणि त्या रागात मला हेही कळत होतं, की ते त्या क्वार्टरपर्यंत त्या कंबरेनं चालत गेले ते श्रद्धेनं नव्हे, तर भीतीनं गेले होते.

ते वाट बघत होते. मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी फडका पिळला. म्हटलं, "दुसऱ्या कुशीवर वळा."

"वळता येत नाही गं," बाबा म्हणाले.

मग मीच त्यांच्या खाली हात घातला आणि त्यांना माझ्याकडं वळवलं.